तीन हेक्टरांचं रान

संमेलनाध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर आणि पहाटेच गोरेवाड्याला फेरी मारून इथे पोचलेल्या मंडळींनो,

पाहुणा आला की त्याला वाघ दाखवायचा, ही नागपूरची जुनी खोड. ताडोबा, पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला. गाडी कुठेही काढा. तुम्हाला मात्र आम्ही झुडपी जंगलात नेणार आहोत. परगावच्यांसाठी सांगतो: विदर्भाच्या महसुली दप्तरातली ही जमीन. मुरमाड, गावाला लागून, कुठे गुरं चरतात, कुठे शाळाच उभी. ही वनाची की महसुलाची, हा वाद आमच्या दोन पिढ्यांनी ऐकला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वनच ठरवली. तीन हेक्टरांहून लहान, कुठल्याही जंगलाला न लागलेले, वाटप न झालेले तुकडे संरक्षित वन म्हणून जाहीर करा, असंही सांगितलं. कागद झाला. त्या तुकड्यांत राहतं कोण, हे सांगायला तुम्ही पक्षी-वटवाघळं मोजणारी मंडळी हवीत.

एवढ्याशा रानात काय असणार, असं म्हणणाऱ्यांना मी रानपिंगळा या छोट्या घुबडाची गोष्ट सांगतो. १८८४ नंतर त्याचा खरा नमुना कुणाला मिळाला नव्हता. १९१४चा म्हणून एक होता, पण तो मायनर्ट्‌झहागेन या कर्नलसाहेबाने संग्रहालयातून लांबवून खोटी चिठ्ठी लावलेला. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी पकडली, जुन्या खऱ्या नोंदींची ठिकाणं धरली आणि नोव्हेंबर १९९७मध्ये सोबत्यांसह त्या शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आल्या. तिथल्या विरळ रानात हा पठ्ठ्या दिवसाउजेडी फांदीवर बसलेला! तेव्हा तरुण मित्रांनो, मोबाइलवर नोंद टाकताना जागा नीट लिहीत जा.

पक्ष्यांना निदान हौशी माणसं लाभली. वटवाघळांच्या वाट्याला शिव्याशापच जास्त. वन्यजीव कायद्यात २०२२ची दुरुस्ती होईपर्यंत फळं खाणारी बहुतेक वटवाघळं पाचव्या परिशिष्टात, उंदरांच्या पंगतीला, उपद्रवी म्हणून बसवलेली होती. आणि मोहाच्या फुलांवर, फळांवर रात्री येतं कोण? हीच. वाघाला पलीकडे जाता यावं म्हणून पेंचमधल्या महामार्गावर आपण उंच पूल बांधले. मोहाचं फळ तोंडात धरून वटवाघूळ मात्र दोन रानांमधली कपाशी-तुरीची शेतं कुणाच्याही मंजुरीविना ओलांडतं.

वटवाघळांना मोजायचं कसं, यावर इथे दोन दिवस वाद होणार, आणि व्हावा. धुकं-जाळ्यात (मिस्ट नेट) फळखाऊ सापडतात. बारीक कीटकखाऊ पुष्कळदा जाळं ओळखून वळतात. त्यांचा आवाज आपल्या कानापलीकडचा, म्हणून डिटेक्टर लावावा, तर बहुतेक मोठी फळखाऊ वटवाघळं अंधारातही डोळ्यांनी वाट काढणारी. यंत्रावर त्यांची चाहूलच लागत नाही. एकाच साधनावर विसंबून केलेली यादी मी तरी अर्धीच मानतो. पक्षीवाल्यांचंही तेच. सकाळी सात ते नऊ मोजून घरी गेलं, तर रातवा आणि घुबडं राहूनच जातात.

उद्या दुपारी चारला गाड्या निघतील. विजेऱ्यांना लाल कागद लावून आणा आणि गावकऱ्यांना विचारल्याशिवाय जाळी बांधू नका. सावजी रस्सा परतल्यावरच मिळेल. आधी दिला तर सर्वेक्षण होणार नाही, हा आमचा अनुभव आहे. आपणा सर्वांचं नागपुरात स्वागत करतो आणि अध्यक्षांना सूत्रं स्वीकारण्याची विनंती करतो.