गणित संगणकाचे, जाण कारागिराची



खंडेनवमीला मरोळच्या औद्योगिक वसाहतीत किंवा साकीनाक्याच्या एखाद्या गाळ्यात डोकावले, तर लेथला झेंडूचा हार घातलेला दिसतो. वर्षभर संसार चालविणाऱ्या यंत्राविषयीची ती कृतज्ञता असते. परंतु कृतज्ञतेबरोबरच त्या यंत्राच्या वेळेचा हिशोब मांडणेही आज आवश्यक झाले आहे.

उपनगरांत उद्योगासाठी जागा मिळणे दुष्कर झाले आहे. घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात लाल बहादूर शास्त्री मार्गालगतचे अनेक कारखाने गेले आणि तेथे निवासी मनोरे व मॉल उभे राहिले. लहान गाळ्यात दुसरे यंत्र मावत नाही. मग आहे त्याच यंत्राकडून अधिक काम करून घेणे, एवढाच मार्ग उरतो. कॅम सॉफ्टवेअरचा विचार येथूनच सुरू होतो.

आकड्यांच्या आज्ञेवर चालणारे यंत्र अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९५२ साली लोकांपुढे चालवून दाखविले गेले. आजची सीएनसी लेथ त्याच परंपरेतील. साध्या शाफ्टचा प्रोग्राम अनुभवी सेटर यंत्रापुढे उभा राहून लिहू शकतो. मात्र गोलाई, उतार आणि खाचा एकत्र आल्या, की प्रत्येक बिंदूचे गणित मांडावे लागते आणि तोवर यंत्र थांबून राहते. एका नव्या जॉबमागे एक तास आणि दिवसाला दोन नवे जॉब धरले, तर आठ तासांच्या पाळीचा चौथा हिस्सा वाया जातो. कॅममध्ये टूलचा मार्ग संगणकावर आखला जातो, पडद्यावर तपासला जातो आणि पोस्ट-प्रोसेसर तो फॅनुक किंवा सीमेन्स अशा त्या-त्या कंट्रोलरच्या भाषेत उतरवितो. तेवढ्या वेळात यंत्र आधीचा जॉब कापत असते.

दुसरा लाभ अचूकतेचा. टूलचे टोक सुईसारखे नसते, त्याला सूक्ष्म गोलाई असते. उतारावर आणि वळणावर त्यामुळे येणारी चूक कॅम आधीच हिशोबात धरते. पृष्ठभाग किती गुळगुळीत होईल, याचाही अंदाज बांधता येतो. टोकाची गोलाई ०.८ मिलिमीटर आणि फीड प्रतिफेरा ०.२ मिलिमीटर असेल, तर खाचांची सैद्धांतिक उंची सुमारे ६.२५ मायक्रॉन येते. फीड निम्मे केले, तर ती चौथ्या हिश्श्यावर येते, पण कापण्याचा वेळ दुप्पट होतो. म्हणून रफिंगला फीड जास्त आणि फिनिशिंगला गरजेपुरतेच कमी, हा विवेक ठेवावा लागतो.

हा विवेक सॉफ्टवेअर विकत घेतल्याने मिळत नाही. त्याला सूत्र ठाऊक असते. आपल्या गाळ्यातील लेथ कोणत्या वेगाला थरथरते, लांब बारीक शाफ्ट कोठे वाकतो, कोणत्या पोलादावर कोणता इन्सर्ट टिकतो, हे ठाऊक नसते. ते ठाऊक असते जुन्या टर्नरला. कापाचा आवाज आणि चिपचा रंग पाहून तो फीड बदलतो. तो निवृत्त झाला, की तीस वर्षांची ती विद्या त्याच्याबरोबर गाळ्याबाहेर पडते. उपनगरांतील लघुउद्योगाची खरी हानी ही आहे.

यावर उपाय खर्चाचा नाही, शिस्तीचा आहे. प्रत्येक जॉबनंतर वापरलेला वेग, फीड, कापाची खोली आणि इन्सर्टने काढलेले नग कॅमच्या टूल-लायब्ररीत नोंदवावेत. आयटीआयमधून दोन वर्षांचा टर्नरचा अभ्यासक्रम पूर्ण करून आलेला तरुण संगणकापुढे आणि जुना टर्नर त्याच्या शेजारी, अशी बैठक रोज अर्धा तास तरी व्हावी. चुनाभट्टीच्या आयडेमी या केंद्र सरकारच्या संस्थेत सीएनसी व कॅडकॅमचे प्रशिक्षण दिले जाते, त्याचाही लाभ घ्यावा.

आणखी एक सावधगिरी हवी. पडद्यावरील चित्रात चकचे जबडे व टूल-होल्डर खऱ्या मापाने मांडले नसतील, तर तेथे सर्व निर्विघ्न दिसते आणि यंत्रावर मात्र टूल चकवर आदळते. म्हणून पहिला नग एकेक ओळ चालवून, हात थांबविण्याच्या बटणाजवळ ठेवूनच कापावा.

यंत्र हप्त्याने घेता येते, सॉफ्टवेअरही घेता येते. कारागिराची जाण मात्र त्याच्याकडून शिकूनच घ्यावी लागते. पुढच्या खंडेनवमीला लेथला हार घालताना, वर्षभरात त्या जाणेच्या किती नोंदी झाल्या, हेही प्रत्येक गाळ्याने मोजावे.