दस्तरखानावर बापानेही बसावं

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, आहारतज्ज्ञ नाही. बोलतोय ते बाप म्हणून.

लेक दीड वर्षाची असताना तिचं हिमोग्लोबिन कमी निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "दूध किती पिते?" मला सांगताच येईना. बायको म्हणाली, दिवसाला लिटरभर, वर बिस्किटं. पोट दुधानेच भरायचं, आणि दुधात लोह जवळपास नसतंच. घरी अम्मीने सगळा दोष सुनेला दिला. मी गप्प बसलो. त्याची आजही लाज वाटते.

मग वाचायला लागलो, इंजिनिअरची खोड! १९५८ मध्ये अन्सेल कीज यांनी सात देशांतल्या पुरुषांचा अभ्यास सुरू केला. क्रीट बेटावर हृदयविकार फार कमी. तिथलं जेवण काय, तर कडधान्यं, रानभाज्या, फळं, जाडाभरडा पाव, ऑलिव्ह तेल, थोडे मासे, मांस क्वचित. मला आमचं रत्नागिरीकडचं घरच आठवलं. कुळीथ, शेवगा, भाकरी, बांगडा. महागडी बाटली आणायची गरजच नाही, शेंगदाण्याचं तेल आहे की!

डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं. दूध दोन कपांवर आणलं. आता रात्री मी तिच्यासोबत दस्तरखानावर बसतो, मोबाइल दुसऱ्या खोलीत. काय वाढायचं ते आम्ही ठरवतो, किती खायचं ते ती. मसूर तिने नऊ वेळा थुंकली, दहाव्यांदा गिळली. शेंगदाण्याचं कूटच देतो, अख्खे दाणे घशात अडकतात.

परवा अम्मीने स्वतः काटे काढून बांगडा भरवला. पुढची रक्ततपासणी महिन्याने आहे. या वेळी रिपोर्ट आणायला मी जाणार आहे.