शब्दकोड्यातील अवघड सूचना

देहूरोड स्थानकावर लोणावळा लोकलची प्रतीक्षा करीत दैनिकातील शब्दकोडे सोडविणाऱ्यास, समजा, 'सूर्यास केलेली आज्ञा वाटावी असा तालुका, घरे तीन' अशी सूचना भेटली, तर प्रथम हे ध्यानी धरावे की, १९१३ साली आर्थर विन यांनी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात आरंभिलेल्या इंग्रजी कोड्यात एका घरात एकच वर्ण बसतो, परंतु मराठीत काना-वेलांटीसह अवघे अक्षर, जोडाक्षरदेखील, एका घरात सामावते, आणि म्हणून छेदणाऱ्या शब्दातील एकेक अक्षर फार मोलाचे ठरते. उभ्या 'कमळ' शब्दाने अखेरचा 'ळ' हाती दिला, की मुळशी आणि हवेली आपोआप बाद होऊन लोकलच्या वाटेवरचा 'मावळ' तेवढा उरतो. तालुक्याचे नाव आणि क्रियापद यांचा असा संगम रचणाऱ्या कोडेकाराचे कौशल्य मला खरोखर वंदनीय वाटते.