काठीची सावली

ऋतूंची नावे मुले घडाघडा म्हणतात. परंतु पानगळ कशी असते असे विचारले, की त्यांना पुस्तकातील चित्र आठवते, दारासमोरची सावर आठवत नाही. ऋतूंची खरी ओळख अंगणातच व्हावयास हवी.

बेळगावच्या परिसरात त्यासाठी जमिनीवर एक मीटर उंच राहील अशी एक काठी पुरे. ती मोकळ्या जागी सरळ रोवावी. आठवड्यातून एकदा, मध्यान्ही सावली सर्वांत आखूड होते त्या वेळी, तिच्या टोकाशी मुलांनी खडा ठेवावा. सूर्याकडे मात्र थेट पाहू नये. २२ डिसेंबरच्या सुमारास ही सावली उत्तरेकडे सुमारे ८२ सेंटिमीटर भरते. पुढे ती आखडत जाते. माघ-फाल्गुनात निष्पर्ण सावर तांबड्या फुलांनी बहरते, तोवर खडे काठीकडे बरेच सरकलेले असतात. मे महिन्याच्या आरंभी सूर्य माथ्यावर येतो व सावली काठीच्या पायाशी लोपते. त्या सुमारास सावरीच्या बोंडांतील कापूस वाऱ्यावर उडत असतो. त्यानंतर सावली चक्क दक्षिणेस पडू लागते! मृगाच्या ढगांनी ती झाकली, म्हणजे उभ्या काठांचा डबा ठेवून पाऊस मोजावा.

सावली दक्षिणेस का वळली, हे वडीलधाऱ्यांनी आधी सांगू नये. तो प्रश्न मुलांच्याच तोंडून येऊ द्यावा. स्वतःच्या डोळ्यांनी पाहून विचार करण्याची सवय बालपणी जडली, तर ती जन्मभर साथ देते.