पहिली किक
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मंचावर कीर्तनकार बोलतात, प्राध्यापक बोलतात. मंडळाने आम्हा चार-पाच जणांना मोटारसायकलीवर बोलायला सांगितलं तेव्हा आम्हालाच हसू आलं. आमची भाषा पाना-पेचकसाची. पण विषय सुचवणाऱ्या काकाजींनी एकच प्रश्न विचारला, "लांजीत किती घरं अशी आहेत, की पहाटे घरातलं माणूस गाडीवर निघतं आणि मागे राहिलेल्यांचा जीव फोन येईपर्यंत टांगणीला लागतो?" मग आम्ही हो म्हणालो.

आपल्या गावाची रचनाच तशी आहे. रेल्वे धरायची तर आमगाव, दवाखाना म्हटलं की गोंदिया, कचेरीचं काम बालाघाटला, आणि अर्धी सोयरीक सीमेपलीकडे महाराष्ट्रात. शेतात जायला पांदण, मध्ये नाला, नाल्यावर रपटा. चारचाकी सगळ्यांच्या दारी नाही. म्हणून आपली मोटारसायकल एकाच दिवसात डांबरी रस्त्यावर धावते, धानाच्या धुऱ्यावर चढते आणि चिखलातून दोन पोती बाहेर काढते. अशा वापराला जगात एक खेळ आहे, त्याचं नाव ट्रायल. त्याच्याकडे येऊच. आधी एक घडलेली गोष्ट.

पौष महिना होता. आमच्यातला एक जण आपल्या काकूंना घेऊन पहाटे आमगावची गाडी धरायला निघाला. मोटारसायकल उत्तम होती. इंजिनाचं काम नुकतंच केलेलं, टायर नवे. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, हात मात्र उघडे. नदीकाठच्या सखल भागात धुकं दाटलं होतं. समोर तणसाने भरलेली ट्रॉली उभी होती, मागे दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही. ट्रॉली त्याला दिसली, ब्रेक लावायचं मनातही आलं, पण बोटं वळेनात. गाडी बाजूच्या बांधीत गेली. त्याचं मनगट मोडलं, काकूंचा खांदा निखळला. काकू चिखलातून उठत त्यालाच विचारत होत्या, "तुला काही लागलं का रे?"

त्या दिवसापर्यंत आम्ही गाडी तयार करत होतो, तिच्यावर बसणाऱ्याचा हिशोब त्यात धरत नव्हतो. ट्रॉली दिव्याविना उभी होती हे खरंच, पण आपली बोटं बधिर झाली हेही तितकंच खरं. ताशी चाळीस किलोमीटरने गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते. बोटांना अर्धा सेकंद उशीर झाला तर साडेपाच मीटर गेले. ट्रॉली तेवढ्यातच असते.

आता त्या खेळाकडे. ट्रायलमध्ये वेगाला किंमत नाही. दगड, ओढा, चढ, चिखल असा अवघड तुकडा आखलेला असतो. त्यातून गाडी अगदी हळू न्यायची, पण पाय जमिनीला टेकवायचा नाही. एकदा टेकला तर एक गुण दंड, दोनदा टेकला तर दोन, त्याहून जास्त वेळा टेकला तर तीन. गाडी पडली किंवा अडकली तर पाच. स्कॉटलंडच्या डोंगरात ही स्पर्धा १९०९ पासून चालत आली आहे; पुढे ती सहा दिवसांची झाली. तिचं वारं अनेकांच्या दारात उभ्या असलेल्या गाडीला लागलेलं आहे. रॉयल एनफिल्डची बुलेट १९४८ साली इटलीतल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय ट्रायलमध्ये उतरली होती. मागच्या चाकाला शॉकअप असलेल्या त्या नमुन्याच्या दोन गाड्या विजयी ब्रिटिश संघात होत्या आणि दोन्ही चालकांना सुवर्णपदकं मिळाली. १९५२ मध्ये जॉनी ब्रिटन या तरुणाने साडेतीनशेच्या बुलेटवर स्कॉटलंडची स्पर्धा जिंकली. तीच बुलेट आपल्या सैन्याने सीमेवरच्या गस्तीसाठी घेतली आणि १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. बुलेटवाल्यांनी हे ऐकून छाती फुगवायला हरकत नाही. फक्त फटाके फोडणारा सायलेन्सर बसवून जॉनी ब्रिटनचं नाव घेऊ नये.

आम्हाला त्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय ट्रायलचा एक नियम फार आवडतो. रात्री सगळ्या गाड्या कुंपणात बंद करून ठेवतात. चालकालाही हात लावता येत नाही. सकाळी इशारा झाला की एका मिनिटात इंजिन सुरू करून निघायचं, नाही तर दंड. म्हणजे जे करायचं ते आदल्या संध्याकाळपर्यंत. आपल्याकडे नेमकं उलटं घडतं. पेशंटला घेऊन निघायचं असतं, घरातले दारात उभे असतात, आणि आपण अंधारात मोबाइलच्या उजेडात प्लग काढत बसतो.

जुन्या मंडळींना राजदूत आठवत असेल. पोलंडच्या एका गाडीवरून घेतलेली, एस्कॉर्ट्सने फरीदाबादला बनवलेली, पावणेदोनशे सीसीची. पेट्रोलमध्ये तेल मिसळून भरायचं आणि दुधाचे कॅन लादून कुठेही जायचं. ती बिघडायची, पण धन्याला तिचा स्वभाव ठाऊक असायचा. आजच्या गाड्या बिघडत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहतच नाही. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांचं दुखणं इतकंच असतं.

दसऱ्याला आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. आमचं म्हणणं, हार घालण्याआधी मागचं ड्रम उघडा. पावसाळाभर रपट्याचं गाळाचं पाणी त्यात गेलेलं असतं. आत लायनरची भुकटी आणि माती मिळून पेस्ट झालेली दिसेल. ती कोरड्या ब्रशने साफ करायची, तोंडाने फुंकायची नाही, ती धूळ छातीला वाईट. ज्या कॅमवर ब्रेक शू उघडतात त्याला ग्रीसचं नुसतं बोट फिरवायचं. जास्त लावलं तर लायनरवर जातं आणि ब्रेक संपतो. बाहेरच्या ब्रेकच्या दांडीवर एक बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो ड्रमवरच्या खुणेपर्यंत गेला की लायनर संपलं. हे पाहायला मिस्त्री लागत नाही, घरची शाळकरी पोरगीही सांगू शकते.

धुताना पाण्याचा जोराचा फवारा चाकाच्या मधोमध आणि वायरच्या जोडांवर मारू नका. बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं आणि पाणी आत बसतं. गाडी चकचकीत दिसते आणि महिन्याभरात चाक कुरकुरू लागतं.

चेनबद्दल आम्ही जरा हट्टी आहोत. इंजिनातून काढलेलं काळं तेल चेनला ओतायची आपल्याकडे जुनी सवय आहे. त्याला माती चिकटते आणि तीच माती चेनसेट खाते. डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने चेन पुसा, कोरडी होऊ द्या, मग नव्वद नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने थेंबथेंब सोडा आणि जास्तीचं पुसून टाका. इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवत. चालू इंजिनावर चेन पुसताना फडक्याबरोबर बोट गेलेली माणसं आहेत. चेन किती सैल ठेवायची? खालच्या बाजूला मधोमध दोन-तीन सेंटिमीटर वर-खाली व्हावी, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चाक फिरवून चेन जिथे सर्वांत ताठ असते तिथे मोजा, नाही तर सैल जागी मोजून आपण समाधानी आणि खड्ड्यात चेन तुटलेली.

आता वायरी. क्लचची आणि समोरच्या ब्रेकची वायर जड झालेली आपल्या लक्षात येत नाही, कारण ती रोज थोडीथोडी जड होते. उन्हाळ्यात चालून जातं. थंडीत आतलं जुनं ग्रीस घट्ट होतं, वर बोटंही गारठलेली. मग लिव्हर अर्ध्यावर थांबतो. वायरीचं वरचं टोक सोडवून, त्याला पॉलिथिनचा छोटा कोन बांधून, पातळ तेल रात्रभर उतरू द्या. सकाळी फरक हाताला कळतो. ट्रायलवाले दुसरी वायर पहिलीच्या शेजारी बांधूनच ठेवत. तुटली तर टोकं बदलायची आणि निघायचं. शिवाय ते लिव्हरचे क्लॅम्प अगदी करकचून आवळत नाहीत. गाडी पडली तर लिव्हर फिरतो, मोडत नाही. पांदणीवर जाणाऱ्याने एवढं जरूर उचलावं.

मात्र एक उचलू नये. ट्रायलच्या गाडीत हवा अगदी कमी असते, मागे चार-पाच पौंड, म्हणजे टायर दगडाला चिकटतं. आमच्या एका हौशी मित्राने हे ऐकून साध्या गाडीची हवा निम्मी केली आणि दोन पोती लादली. ट्यूब आत सरकली, व्हॉल्व्ह मुळापासून फाटला. पुस्तिकेतली हवा ठेवा. आणि थंडीत ती आपोआप उतरते, साधारण दर पाच-सहा अंशांमागे एक पौंड. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना पाहा.

सकाळी गाडी सुरू होण्याचा प्रश्न. कार्बुरेटरची गाडी असेल तर थंडीआधी खालचा स्क्रू सोडून साचलेलं पाणी काढा, एअर फिल्टर बघा. फोमचा धुता येतो, कागदाचा धुवायचा नाही, झटकायचा किंवा हवा मारायची. रात्री टाकी भरलेली असली तर आत दव कमी धरतं. चोक ओढून किक मारा, सुरू झाल्यावर चोक परत करायला विसरू नका. अर्धं गाव चोक ओढूनच आमगावला जातं आणि पेट्रोल जास्त लागतं म्हणून तक्रार करतं. २०२० नंतरच्या गाड्यांत बहुधा इंजेक्शन आहे, चोक नाही. तिथे सगळी भिस्त बॅटरीवर. थंडीत बॅटरीचा जोर कमी पडतो. टर्मिनल घासून व्हॅसलीन लावा, आणि गाडीला किक असेल तर आठवड्यातून एकदा ती मारून पाहा. कित्येक गाड्यांची किक वर्षभर न वापरल्याने जाम झालेली असते. इंजिन ऑइलबद्दल विचारतात, हिवाळ्यात वेगळं घालायचं का? आपल्याकडची थंडी हिमालयाची नाही. पुस्तिकेत लिहिलेलंच घाला, फक्त वेळेवर बदला.

थंडी हिमालयाची नाही, पण मलाजखंडचा पारा दर हिवाळ्यात बातमीत येतो, आणि ते आपल्याच जिल्ह्यात आहे. शिवाय गाडीवर वारा असतो. दहा अंशांच्या हवेत ताशी चाळीसने गेलं तर उघड्या कातडीला सहा अंशांसारखं लागतं. म्हणून हातमोजे. पण घट्ट मोजे नकोत, रक्त अडतं आणि बोटं आणखी गार पडतात. आत पातळ सुती, बाहेर वारा अडवणारा सैल, असे दोन थर बरे. मोजे घालून लिव्हर धरून पाहा, दोन बोटं सहज पोचली पाहिजेत. नसतील तर वायरीचा ॲडजस्टर फिरवा. काही जण हँडलला ताडपत्रीचे खोळ शिवून घेतात. कल्पना छान आहे, पण ते आखूड झाले तर वाऱ्याने मागे दाबले जातात आणि ब्रेकच्या लिव्हरला टेकतात. मागचा दिवा सतत पेटलेला दिसला तर समजा तेच झालंय.

मफलरवर हेल्मेट बसत नाही, आणि मफलर म्हणजे हेल्मेट नव्हे. कानाला पातळ टोपी घाला, वर हेल्मेट, पट्टा लावलेला. काचेवर वाफ धरते तर आतून साबणाचा कोरडा हात फिरवून मऊ कापडाने पुसा, आणि काच बोटभर उघडी ठेवा. धुक्यात दिवा खालीच ठेवावा. वर केला की समोर पांढरी भिंत उभी राहते. बाजारातले डोळे दिपवणारे एलईडी लावणाऱ्यांना हे पटत नाही. समोरून येणाऱ्याला पटतं.

आया-बहिणींसाठी थोडं वेगळं. थंडीत मागे बसताना शाल घेता, तिचं टोक कुठे आहे ते बसल्यावर एकदा हाताने चाचपून बघा. पदर, शाल, ओढणी चेनमध्ये किंवा आऱ्यांत गेली तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. साडीगार्ड शोभेचं नाही, ते काढून टाकणाऱ्या मुलाला घरात जरूर विचारा. आणि शाल स्वेटरच्या आत खोचा, वरून नको.

आमच्या मित्राचं मनगट जुळलं, पण पहाटे त्याची बोटं आजही लवकर गारठतात. काकू अजूनही त्याच्याच मागे बसतात. फक्त निघण्याआधी म्हणतात, "हात दाखव जी आधी," आणि मोजे घातलेत की नाही ते पाहूनच बसतात.

विसर्जनानंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी मंडळाच्या अंगणात आम्ही बसणार आहोत. ब्रेक, चेन आणि वायरी बघू, मजुरी नाही, पार्ट लागला तर तो तुमचा. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांनी ट्रॉली जरूर आणावी. लाल पट्टीची गुंडाळी आम्ही आणलेली आहे, लावायला पाच मिनिटं लागतात. येताना जुनं सुती फडकं आणा, डिझेल आमच्याकडे आहे.