जपून ठेवलेली चित्रं

पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. ते ज्या बागेवरून बेतलं, ती जपानमधल्या ओकायामाची कोराकुएन बाग मी पाहिली. इकेदा त्सुनामासा या सरदारानं ती १६८७ मध्ये करायला घेतली. १७०० मध्ये ती पुरी झाली.

तिथल्या एन्योतेई या लाकडी घरातून तळं, हिरवळ आणि बागेबाहेरची मिसाओ टेकडी एकाच चित्रातली वाटतात. टेकडी जणू उसनी घेतलेली!

"किती जुनं घर!" मी म्हणालो. वाटाड्या हसला. मूळ घर १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं. हे १९६० मध्ये उभारलेलं. १९३४ च्या पुरानंही बागेची नासधूस केली होती. पण जुनी चित्रं जपली होती, म्हणून बाग पूर्वीसारखी करता आली.

मी गप्प झालो. आमचा वाडा पाडायच्या कागदावर माझीच सही होती. चौक, माजघर, दिंडी दरवाजा... कशाचाच नकाशा ठेवला नाही. परवा नातीनं विचारलं, "आजोबा, वाडा कसा होता?" पेन्सिल घेऊन बसलो. जिना कोणत्या बाजूला होता, ते काही आठवेना.

तुमचं जुनं घर अजून उभं असेल, तर आजच एक कागद घ्या.