सहकारी विद्यापीठ आणि आपले वसतिगृह
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



गतवर्षीच्या सर्वसाधारण सभेत आपल्या तरुण मंडळींनी एक सूचना मांडली होती. महाविद्यालयांचे शुल्क सामान्य गृहस्थाच्या आवाक्याबाहेर गेले आहे, प्राध्यापकांच्या जागा रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर कारभार रेटला जात आहे. तर साखर कारखान्याप्रमाणे भाग विकून एखादे सहकारी विद्यापीठच का काढू नये? यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा अध्यक्षांनी आम्हांस केली. आम्ही केवळ शालान्त परीक्षा उत्तीर्ण. परंतु 36 वर्षे खडू झिजविला आहे, तेवढ्याच अधिकाराने बोलतो.

सूचना हसण्यावारी नेण्यासारखी खचित नाही. नागपूर विद्यापीठ 1923 साली स्थापन झाले. पुढे कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली संपत्ती विद्यापीठास मृत्युपत्राने दिली आणि त्यातून 1942 साली त्यांच्या नावाची तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली. परंतु असा दाता प्रत्येक पिढीत जन्मतोच असे नाही. मग उरतात ते पुष्कळांचे लहान हात. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा खेड्यांतील मायभगिनी रोज मूठभर धान्य बाजूस काढून ठेवीत. त्या मुष्टिफंडावर मुले जेवली व शिकली.

परदेशातील उदाहरण स्पेनमधील मोंद्रागोन या गावाचे. तेथे एका धर्मगुरूने 1943 साली गावकऱ्यांच्या मदतीने एक लहानशी तंत्रशाळा काढली. तिच्यात शिकलेल्या तरुणांनी सहकारी कारखाने उभारले आणि 1997 साली सहकारी विद्यापीठ निघाले. तेथील कारभारात शिकविणारे, शिकणारे व साहाय्य करणाऱ्या संस्था अशा तिघांनाही मत आहे. मात्र शुल्क तेथेही आहे, हे आपल्या तरुणांनी ध्यानी घ्यावे. शिवाय शाळेपासून विद्यापीठापर्यंत पोहोचावयास 54 वर्षे लागली.

आपल्याकडे पदवी देण्याचा अधिकार भाग विकून मिळत नाही. 1956 च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यान्वये त्यास संसदेचा वा विधिमंडळाचा अधिनियम लागतो, अथवा केंद्र शासनाने दिलेला अभिमत दर्जा. आणंद येथे 2025 साली संसदेच्या अधिनियमाने त्रिभुवन सहकारी विद्यापीठ स्थापन झाले. परंतु ते सहकार शिकविणारे विद्यापीठ आहे, सभासदांच्या मालकीचे नव्हे. आपल्या साखर पट्ट्यातही कारखाना सहकारी, पण त्याच्या आश्रयाने निघालेली महाविद्यालये बहुधा न्यासांची. ऊस घालणाऱ्यास कारखान्यात मत आहे. त्याचा मुलगा ज्या महाविद्यालयात शुल्क भरतो, तेथे दोघांनाही नाही.

हे मत नसणे म्हणजे काय, ते आम्ही भोगले आहे. नोकरीच्या आरंभी एका खाजगी संस्थेत आम्ही दोन वर्षे होतो. सही पूर्ण पगारावर करावयाची आणि हाती निम्मा घ्यावयाचा. एकदा धीर करून हिशेब विचारला, तर उत्तर मिळाले, “मास्तर, तुमचा काय संबंध?” घरी आल्यावर सौभाग्यवतीने विचारले, “काय म्हणाले हो?” आम्ही हातपाय धुण्यास निघून गेलो. आज मुले मोठी झाली, तरी तिला ते उत्तर आम्ही सांगितलेले नाही.

सहकाराच्या नावाने हिशेब आपोआप उघडा होतो, असेही नाही. 2002 साली आपल्याच जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे सुमारे 150 कोटी रुपये रोखे व्यवहारात अडकले आणि न्यायालयाचा निकाल लागावयास 2023 साल उजाडले. तेथेही सभासद होते, वार्षिक सभा होत होत्या. या सभागृहातील किती जणांनी आपल्या मंडळाचा ताळेबंद वाचला आहे, हे आम्ही विचारीत नाही. आम्ही स्वतः यंदा प्रथमच वाचला.

आता जे बोलणार आहोत ते काही वडीलधाऱ्यांस रुचणार नाही. सहकाराचा पहिलाच नियम असा की, दार सर्वांस खुले असावे. कर्मवीरांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीस बसत. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले. आपले वसतिगृह मात्र आजही ज्ञातीपुरतेच आहे. पूर्वजांनी ते ज्या काळी बांधले, त्या काळी आपल्या मुलांना शहरात कोणी खोली देत नव्हते. त्यांस आम्ही दोष देत नाही. परंतु ज्ञातीचा दाखला पाहून भाग विकणारी संस्था सहकारी म्हणवू शकत नाही.

म्हणून आमचे मत असे की, विद्यापीठाची गोष्ट तूर्त राहू द्यावी आणि वसतिगृहाचे भोजनालय सहकारी करावे. राहणाऱ्या प्रत्येक मुलाचा व मुलीचा एक भाग, प्रत्येकास एक मत. स्वयंपाकीण बाईंचाही भाग असावा. किराणा, गॅस व भाजीचा हिशेब दरमहा फळ्यावर लागावा. आणि येत्या सत्रापासून चार जागा इतर समाजांतील गरजू मुलांसाठी ठेवाव्यात. या आशयाचा ठराव आम्ही चिटणिसांकडे लेखी दिला आहे. जूनपूर्वी त्यावर मतदान व्हावे, आणि तो फेटाळावयाचा असल्यास हात वर करून फेटाळावा, ही विनंती.